अर्धा वाडगा सूप

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मी हेर. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून!

हॉटेलांची पाहणी करणाऱ्या एका कंपनीला गुप्त ग्राहक हवे होते. साधं गिऱ्हाईक बनून जेवायला जायचं, वेटर किती मिनिटांत आला, काय बोलला, पदार्थ गरम होता का, सगळं फॉर्मवर भरून पाठवायचं. कंपनीतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही आधी काय करत होतात?" म्हटलं, बत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली वीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासले. ती म्हणाली, "मग तुम्हीच हव्यात."

शाळेत मला तराजूबाई म्हणायचे. माझ्यासमोर नाही, पण मला ऐकू यायचं. अर्धा गुण कधी कुणाला उगाच दिला नाही आणि कुणाचा कापलाही नाही. उत्तरपत्रिकेत जे आहे त्यालाच गुण, मुलाच्या डोक्यात काय होतं त्याला नाही.

आमच्या वाट्याला शहरातलं एक बडं इटालियन हॉटेल आलं आहे. चार भेटी, एक गुरुवार आड, दुपारच्या. जेवण दोघांचं. हेरगिरीचं ह्यांना सांगायचं नाही असं ठरवलं आहे, नाहीतर वेटरलाच सांगून मोकळे होतील. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्यापासून लपवलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. "तुम्हाला इटालियन जेवायला नेते," म्हटल्यावर असे काही खुलले की मलाच कानकोंडं झालं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली भेट. साफ निराशा.

पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, जड काटेचमचे, मेनूवर एकही चित्र नाही. आमच्या टेबलाला जो वेटर होता तो पंचावन्नच्या पुढचा, पांढऱ्या मिशीचा, काळं जाकीट घातलेला. कागदावर तो 'कर्मचारी क्रमांक चार' आहे, मी त्यांना मिशीवाले म्हणणार. दीड मिनिटात आले, नीट वाकून बोलले, ऑर्डर पुन्हा म्हणून दाखवली. इथपर्यंत सगळे गुण.

ह्यांनी मश्रूम सूप मागवलं, मी रिसोतो. टेबलावर काही लिहायचं नाही असा कंपनीचा नियम, म्हणून वेळा टिपायला मी बाथरूममध्ये गेले. तिथे जरा वेळच लागला, चष्मा पर्समध्ये तळाला गेला होता. परत येते तर हे रिकाम्या टेबलाकडे बघत बसलेले. "अगं, सूप अजून आलंच नाही."

मी हात वर केला. मिशीवाल्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग म्हणाले, "माफ करा साहेब, उशीर झाला. आत्ता आणतो." आणलं तेव्हा ऑर्डर देऊन एकतीस मिनिटं झाली होती. एकतीस! आणि वाडगा अर्धाच. त्यावर कहर म्हणजे ह्यांच्यापुढचा चमचा आधीच वापरलेला, त्याला काहीतरी वाळलेलं चिकटलं होतं. एवढ्या बड्या ठिकाणी उष्टा चमचा.

हे मात्र शांत. "असू दे," म्हणाले, "होतो कधी कधी उशीर." आयुष्यभर औषधांच्या दुकानात उभे राहिलेत ना, काउंटरपलीकडच्या माणसाची त्यांना नेहमीच दया.

माझ्या रिसोतोचा भात मध्ये कच्चा होता. तसं सांगितलं तर मिशीवाले म्हणाले, "मॅडम, तो तसाच असतो." असेल बाबा.

वेळ: नापास. प्रमाण: नापास. स्वच्छता: शून्य.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

फॉर्म पाठवला. पाठवताना उगीच चुटपुट लागली. त्या माणसाने हात जोडून माफी मागितली होती, आणि मी पर्समधल्या घड्याळाशी गुलुगुलु करत होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी भेट. पुन्हा मिशीवालेच.

ह्यांनी भाजलेलं कोंबडीचं मांस मागवलं, अख्खा तुकडा, वर लिंबू. मी बाथरूममधून वेळा टिपून आले तेव्हा आलं होतं, पण कसं? बारीक बारीक तुकडे करून! लहान मुलाला द्यावं तसं. शेजारच्या टेबलावर तोच पदार्थ अख्खा, देखणा, मेनूत लिहिल्याप्रमाणे. मी विचारलं तर मिशीवाले म्हणाले, "आतच कापून आणलं, मॅडम. आमच्या सुऱ्या जरा बोथट आहेत." स्वतःच्या हॉटेलच्या सुऱ्या बोथट आहेत असं गिऱ्हाइकाला सांगणारा वेटर मी पहिल्यांदाच पाहिला. सुरी काही बोथट नव्हती, मी बोटाने पाहिली. मूठ मात्र इतकी जाड की मागचं पुढचं कळत नाही. पावाला लोणी लावताना ह्यांनीही ती उलटीच धरली होती.

मांडणी: नापास. साहित्याबद्दल अयोग्य विधान: होय.

खरं तर जेवण छान झालं. हे दोनदा हसले. तिसऱ्यांदाही हसले असते, पण मी "हळू" म्हटलं. ते का म्हटलं कोण जाणे. फॉर्मला "जेवण छान झालं" याला चौकट नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. "बाबा कसे आहेत?" म्हटलं, एकदम ठणठणीत. ती म्हणाली, "परवा फोनवर त्यांनी मला तीनदा विचारलं, तुझी बदली झाली का." म्हटलं, अगं, ऐकू कमी येतं, टीव्ही चालू असतो. "आई, त्यांना एकदा दाखवून आण ना." हो म्हटलं.

फोन ठेवल्यावर बघते तर हे स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे, हातात चहाचा डबा. कधीपासून उभे होते कोण जाणे. "काय शोधताय?" तर म्हणाले, "तेच बघतोय." आम्ही दोघंही हसलो.

या माणसाने एकेकाळी गिऱ्हाईक दारात दिसायच्या आत त्याचं औषध काढून काउंटरवर ठेवलं आहे. उगाच काळजी करते पोरगी.

५ मार्च, गुरुवार

तिसरी भेट, आणि हद्द झाली.

हे हात धुवायला गेले. पदार्थ आले, माझी राविओली, म्हणजे त्यांच्या उकडलेल्या करंज्याच, आणि ह्यांचं सूप. हे नाहीत. मिशीवाल्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, हातातला ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवला आणि चक्क निघून गेले. कुणाला सांगणं नाही, सवरणं नाही. सगळी टेबलं उघडी टाकून अकरा मिनिटं गायब! पलीकडच्या टेबलावरच्या बाई पाणी मागून मागून थकल्या. माझी राविओली गार, सूपवर साय.

मग बघते तर पुढच्या दाराने, रस्त्याच्या बाजूने दोघे आत येताहेत. मिशीवाल्यांनी ह्यांचा कोपर धरलेला. ह्यांच्या कपाळावर घाम, पण चेहरा हसरा. मिशीवाल्यांच्या बुटांना, पँटच्या गुडघ्यांना चिखल. ह्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतःही समोरची खुर्ची ओढून बसले! गिऱ्हाइकाच्या टेबलावर! ह्यांना पाणी दिलं, ह्यांचं पिऊन होईपर्यंत बसून राहिले, मग उठले.

"कुठे होतात?" मी ह्यांना विचारलं.

"बाहेर जरा फिरलो. हे सोबत होते. चांगले आहेत गं."

घरी आल्यावर ह्यांचे बूट काढायला मदत केली तर नाडीला दुहेरी गाठ. हे कधी दुहेरी गाठ मारत नाहीत. सोडवताना माझं नख तुटलं.

७ मार्च, शनिवार

दोन दिवस फॉर्म तसाच पडून होता. आज भरला.

जागा सोडून जाणे: अकरा मिनिटं. गिऱ्हाइकाला स्पर्श: होय. गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसणे: होय. पदार्थ गार: होय.

शेवटी 'अन्य शेरा' अशी रिकामी जागा असते. तिथे पेन बराच वेळ टेकवून बसले. काहीतरी लिहायला हवं होतं, पण ते लिहायचं तर त्याच्या आधी दुसरं काहीतरी लिहावं लागलं असतं. मग रेघ मारली. जे दिसलं त्यालाच गुण. पेपर तपासताना मुलाचं तोंड आठवायचं नसतं, हे मी नव्या शिक्षकांना सांगत असे.

पाठवून दिला. रात्री जेवण गेलं नाही. राविओली पचली नसेल, असं मनात आलं. गुरुवारची राविओली शनिवारी!

१९ मार्च, गुरुवार



चौथी भेट. मिशीवाले नव्हते. नवी वेट्रेस होती, चुणचुणीत, कडक इस्त्रीची. एका मिनिटात आली. सूप नऊ मिनिटांत, वाडगा काठोकाठ, चमचा लखलखीत. मी बाथरूममध्ये गेले नाही. मिशीवाले कुठे दिसतात का ते बघत बसले होते. त्यामुळे ह्यांना सूप पिताना मी पाहिलं. पूर्ण प्यायले, पावाने वाडगा पुसला, ओठ टिपले. तिने वाडगा नेला.

पाच मिनिटांनी हे म्हणाले, "अगं, सूप अजून आलंच नाही."

वेट्रेसने ऐकलं. गोड हसून म्हणाली, "सर, तुम्ही आत्ताच घेतलंत. रिकामा वाडगा मीच नेला."

"मी? मी नाही घेतलं."

"घेतलंत सर."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अहो, आत्ताच प्यायलात की!" आणि तेही मोठ्याने, वर्गात ओरडावं तसं. दोन टेबलं वळून बघायला लागली.

ह्यांचा चेहरा असा झाला, तो मी कधी पाहिला नव्हता. पेपर कोरा देणाऱ्या मुलाचाही तसा नसतो. खिसे चाचपायला लागले, पाकीट, चष्मा, पुन्हा पाकीट. उठले, खुर्ची मागे पडली. म्हणाले, "ते कुठे आहेत? त्यांना बोलवा. ते आणतात."

सूप प्यायलेलं विसरले, पण तो माणूस लक्षात होता.

कसंबसं घरी आणलं. आता झोपलेत, दिवसाउजेडी, बुटांसकट. फॉर्म समोर आहे. वेळ, प्रमाण, स्वच्छता, मांडणी, योग्य माहिती देणे, अंतर राखणे. एकूण एक चौकटीत पूर्ण गुण.

२० मार्च, शुक्रवार

एकतीस मिनिटं. अर्धा वाडगा. चमचा.

ह्यांनी पहिलं सूप वेळेवर प्यायलं होतं, मी बाथरूममध्ये चष्मा शोधत होते तेव्हा. चमचा ह्यांचाच उष्टा होता. दुसरा वाडगा त्या माणसाने मुद्दाम अर्धा आणला आणि वर उशिराची माफी मागितली. सुरी बोथट नव्हती, ह्यांना धरता येत नव्हती. त्या दिवशी हे फिरायला गेले नव्हते, हरवले होते. रस्त्यावर. नाडी सुटलेल्या बुटांनी. कुणीतरी चिखलात गुडघे टेकून ती दुहेरी बांधली, पुन्हा सुटू नये म्हणून. आणि मी टेबलाशी बसून मिनिटं मोजत होते.

मला माहीत नव्हतं असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. चहाच्या डब्याच्या दिवशी माहीत होतं. त्याच्याही आधी होतं. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं मी. ह्यांचा दोष दिसू नये म्हणून तो त्या माणसाच्या नावावर मांडत गेले, तीन वेळा, सुवाच्य अक्षरात.

संध्याकाळी लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "आई, मी शनिवारी येते." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

२३ मार्च, सोमवार

कंपनीतल्या मुलीला फोन केला. म्हटलं, माझे तिन्ही रिपोर्ट चुकीचे आहेत, मागे घ्या.

"मॅडम, त्या वेटरना तर काढलं. तिसऱ्या रिपोर्टनंतर लगेच. नवीन व्यवस्थापकांना तसंही तरुण माणसं हवी होती. पण तुम्ही काही खोटं लिहिलं होतंत का?"

"नाही."

"सूप एकतीस मिनिटांनी आलं नव्हतं?"

"आलं होतं."

"ते टेबलावर बसले नव्हते?"

"बसले होते."

"मग मी चूक म्हणून काय नोंदवू, मॅडम?"

एकही ओळ खोटी नव्हती. मी काम सोडत असल्याचं सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "तुमचे रिपोर्ट आम्ही नवीन लोकांना नमुना म्हणून देतो." तोंडात मारल्यासारखं झालं.

२६ मार्च, गुरुवार

लेक आलेली आहे, ह्यांच्यापाशी बसली होती. मी एकटी इटालियनमध्ये गेले. व्यवस्थापकाला लेखी दिलं, मी कोण, काय झालं, चूक कुणाची. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "तुमच्या भावना पोचल्या. ती जागा भरली आहे." दाराशी नावं लिहून घेणारी मुलगी माझ्या मागोमाग बाहेर आली. हळूच म्हणाली, "मागच्या चौकातल्या बेकरीत बघा."

होते. जाकीट नाही, पिठाने माखलेला एप्रन. पाव कागदात गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "या मॅडम. साहेब नाही आले?"

तो फॉर्म भरणारी मी होते, असं एकदाचं म्हटलं.

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पर्समध्ये बघून बघून जेवणारी बाई दुसरी कोण असणार? एकोणीस वर्षं काढली तिथे."

"मग माहीत असून तुम्ही खुर्चीत बसलात? माझ्यासमोर?"

त्यांनी पावाला दोरा बांधला, दुहेरी गाठ मारली. "साहेब घाबरले होते ना. उभं राहून बोललो असतो तर मान वर करून बघावं लागलं असतं त्यांना."

मी हात जोडले. "माझं चुकलं. माफ..."

"माफी नका मागू, मॅडम." आवाज चढला नव्हता, पण धार होती. "तुम्ही मागितलीत की मला 'असू दे' म्हणावं लागतं. आणि मला ते म्हणायचं नाहीये. इथे पहाटे चारला यावं लागतं. माझी पाठ गेलीय."

मी काउंटरच्या कडेला सरकले. मागे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना पाव दिले. मला वाटलं आता जायला सांगतील. काउंटर पुसत म्हणाले, "दुसऱ्यांदा मागितलं तर अर्धंच द्यायचं. भरून दिलं तर पोटाला बाधतं. आणि 'आत्ताच प्यायलात' म्हणायचं नाही. त्यांच्या लेखी ते प्यायलेलेच नसतात. आपण खोटं बोलतोय असं वाटतं त्यांना, आणि घरचं माणूस खोटं बोलतंय म्हटल्यावर घाबरणार नाही तर काय?"

"मग काय म्हणायचं?"

"उशीर झाला म्हणायचं. आपल्यावर घ्यायचं. काय जातं आपलं?"

त्यांचं काय गेलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

२ एप्रिल, गुरुवार

लेक काल परत गेली. डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी सांगितलं ते इथे लिहीत नाही, चहाच्या डब्याच्या दिवशीच ते मला माहीत होतं.

आज दुपारी मश्रूम सूप केलं. इटालियनमधल्यासारखं झालं नाही, जरा पातळ झालं. हे आवडीने प्यायले, पावाने वाडगा पुसला. पाव त्याच बेकरीतला. मी रोज जाते. ते पाव देतात, मी घेते, जास्त बोलणं नाही.

वाडगा विसळून ठेवला, हात पुसले, तेवढ्यात मागून हाक आली. "अगं, सूप अजून आलंच नाही."

जिभेच्या टोकावर आलं होतं. बत्तीस वर्षांची सवय आहे, चूक दिसली की लाल पेन हातात. ते गिळलं. तोच वाडगा घेतला, अर्धा भरला, ह्यांच्यापुढे ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"माफ करा हं," म्हटलं, "उशीर झाला मला."

ह्यांनी चमचा उचलला, माझ्याकडे बघून हसले.

"असू दे," म्हणाले. "होतो कधी कधी उशीर."